दोनशे बारावं पाकीट

सरकारी कचेरीत पाकीट हा शब्द निघाला की लोक आधी दाराकडे बघतात आणि मग आवाज खाली आणतात. पण जलगुणवत्ता संशोधन केंद्रात येऊन कुणी “पाकीटबाई कुठे बसतात?” असं विचारलं, तर दारावरचा शिपाई सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं सांगायचा, “तिसरा मजला! ॲसिडचा वास लागला की डावीकडे वळा!” त्याला लाजायचं कारणच नव्हतं. या बाईच्या पाकिटात उभ्या जन्मात कुणी नोट पाहिली नव्हती. तिच्या पाकिटात चिखल असायचा.

बाई शास्त्रज्ञ. पदाचं नाव वरिष्ठ संशोधन अधिकारी, वय त्रेपन्न, लग्नाच्या भानगडीत पडली नाही, नाकावर जाड भिंगांचा चष्मा आणि त्या नाकावर माशी बसू न देणारा स्वभाव. काम असं, की शहरातल्या नळांचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं, त्यात काय काय मिसळलंय ते यंत्रावर मोजायचं, आणि मग एका चिठ्ठीवर ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘पिण्यास अयोग्य’ लिहून खाली सही ठोकायची. त्या सहीचा तिला केवढा अभिमान! शेवटच्या अक्षराचा फराटा चिठ्ठीच्या कडेपर्यंत जायचा. तिची सही म्हणजे पाणी चांगलं. एवढं सरळ आणि एवढं पक्कं. निदान तिला तसं वाटायचं.

पाकिटांची गोष्ट अशी. यंत्रात घालण्याआधी पाणी एका गोल पांढऱ्या कागदातून गाळलं जायचं. कागदावर चिमूटभर गाळ उरायचा. जगात सगळे तो कागद कचऱ्यात टाकतात. हिने एकही टाकला नाही. कागद वाळवायचा, खाकी पाकिटात घालायचा, वर तारीख, नळाचा नंबर आणि किती लिटर पाणी गाळलं ते लिहायचं, की पाकीट लोखंडी कपाटात. नियमात असं काही नव्हतं. कुणी विचारलं तर ती म्हणायची, “पाण्यातून आपण काहीतरी काढून घेतलं ना? मग ते कुठे ठेवलं हे सांगता यायला नको?”

“बाई, आता कपाटात झाडं उगवतील,” प्रयोगशाळेचा मदतनीस म्हणायचा. हा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, सगळ्या केंद्राचा मामा. बाटल्या धुण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

“उगवू देत. आपल्याकडे पाण्याला तोटा आहे का?”

असं बरं चाललं होतं. बरं म्हणजे सरकारी बरं.

आता त्या खालच्या वसाहतीबद्दल सांगायला हवं. बंद पडलेल्या कारखान्याच्या मागे कामगारांसाठी बांधलेली जुनी घरं, चार गल्ल्या, अडीचशे कुटुंबं. तिथल्या नळाला कधीकधी गढूळ, करड्या झाकेचं पाणी यायचं. लोकांनी पाच वेळा तक्रारी केल्या. पाचही वेळा बाई स्वतः गेली, स्वतः बाटल्या भरल्या, स्वतः तपासल्या, आणि पाचही वेळा लिहिलं, ‘पिण्यास योग्य’. शेवटच्या खेपेला वसाहतीत सभा झाली. तिथे एक शिवणकाम करणारी बाई उठली, वसाहतीच्या समितीची म्होरकी. तिने बरणीभर पाणी वर धरलं आणि म्हणाली, “मॅडम, तुम्ही शिकलेल्या. आम्हाला फक्त एवढं सांगा, खाली हे काय बसलंय?”

पाकीटबाईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “दिसतं ते विष असतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? दिसतो तो मळ. तो मी गाळून बाजूला काढते. दिसत नाही ते मी मोजते. तुम्ही झंपर शिवा, मी पाणी तपासते.”

सभा हसली. शिवणवाली बरणी पोटाशी धरून खाली बसली. त्या दिवशी पाकीटबाई ताठ मानेने घरी गेली.

त्याच वसाहतीत तिचा धाकटा भाऊ राहत होता. कारखाना असताना तिथे जोडारी, म्हणजे फिटर होता, आता एका गोदामात. सात वर्षांपूर्वी त्याला मुलगी झाली. भावजय बाळंतपणात आजारी पडली, दूध आलंच नाही, तेव्हा डॉक्टर म्हणाले, डब्यातली पावडर पाण्यात कालवून पाजा. भाऊ घाबरट. तो म्हणाला, “ताई, नळाच्या पाण्यात कालवू? का दुसरीकडे खोली बघू? हे पाणी मला काही बरं दिसत नाही.”

“मी कशाला आहे मग?” ताई म्हणाली. बाळ घरी यायच्या दिवशी सकाळी तिने भावाच्या स्वयंपाकघरातल्या नळाखाली बाटली धरली, केंद्रात नेली, तपासली. शिसं: लिटरला दोन मायक्रोग्रॅम. मर्यादा दहाची. संध्याकाळी ती बाळाला भेट म्हणून झबलं घेऊन गेली नाही, चिठ्ठी घेऊन गेली. ‘पिण्यास योग्य’, खाली फराटेदार सही. भावजयीने ती चिठ्ठी कौतुकाने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. दिवसाला आठ बाटल्या दूध त्या नळाच्या पाण्यात कालवलं गेलं. भावाने दुसरी खोली बघायचा विचार सोडून दिला.

मुलगी चालायला लागली तशी सगळे तिला भिंगरी म्हणायला लागले. एका जागी म्हणून ठरायची नाही.

एका सोमवारी, अकराच्या सुमाराला, भावजय न सांगता केंद्रात आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत पाण्याने भरलेली बाटली आणि एक फाइल. तिने खुर्ची घेतली नाही.

“वन्सं, भिंगरीचं रक्त तपासलं.”

“काय गं, काय झालं तिला?”

“तुम्हाला कुठे माहीत. तुम्ही आलातच कधी सहा महिन्यांत?” भावजयीने फाइल टेबलावर ठेवली. “पोट दुखतं म्हणते. खात नाही. शाळेतल्या बाई म्हणतात, मागच्या वर्षी शंभरपर्यंत अंक म्हणायची, आता वीसला अडते. भिंतीला टेकून बसलेली असते. मी म्हटलं जंत असतील. डॉक्टर म्हणाले, शिसं. पाचच्या वर गेलं की काळजी करायची म्हणे. हिचं एकतीस आहे.”

पाकीटबाईने कागद वाचला. पुन्हा वाचला. आणि मग तिने तेच केलं जे अशी माणसं आधी करतात: तिला राग आला.

“पाण्याचा काही संबंध नाही. मी तपासलंय ते पाणी. घराचा रंग बघ. तिची खेळणी बघ. तुझा नवरा गोदामातून कपड्यांवर काय काय घेऊन येतो ते बघ!”

“बघितलं सगळं. डॉक्टरांनी माणूस पाठवला होता घरी. त्याने रंग खरवडला, खेळणी नेली. कशात नाही.” भावजयीने बाटली पुढे सरकवली. “आज सकाळचं आहे. आता माझ्यासमोर तपासा.”

“समोर म्हणजे? माझ्यावर भरवसा नाही तुझा?”

“भरवसा होता म्हणून तर पाजलं ना.”

मामाने बाटल्या धुता धुता नळ बंद केला.

बाईने पाणी गाळलं, यंत्राला दिलं. यंत्र थोडा वेळ गुरगुरलं आणि आकडा आला: चार. तिने पडद्याकडे बोट केलं. “बघ. चार. दहाच्या आत. आणखी काय हवं?”

“मग पोरीच्या अंगात आकाशातून पडलं का?” भावजय म्हणाली, फाइल उचलली आणि निघून गेली. जाताना रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, कारण रडणाऱ्या माणसाची समजूत घालता येते.

पाकीटबाई तणतणत परत टेबलाशी आली. सवयीने तिने गाळणीवरचा गोल कागद चिमट्याने उचलला, सवयीने पाकीट उघडलं. कागदावर करडी पूड होती, पेन्सिलीचं टोक घासल्यासारखी. पाकिटात कागद अर्धा गेला आणि तिचा हात थांबला.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट तिला आठवली. त्याआधी काम वेगळ्या पद्धतीने चालायचं. बाटली नळाखालीच ॲसिडचे थेंब घालून बंद करायची, गाळायची नाही. ॲसिडने कणाकणातला धातू पाण्यात उतरतो, मग मोजायचं ते सगळं मोजलं जातं. पुस्तकात हेच आहे, ती हेच शिकली होती. मग नवीन यंत्र आलं. त्याची नळी केसासारखी बारीक. खालच्या वसाहतीच्या गढूळ पाण्याने ती तुंबली, यंत्र सहा आठवडे बंद पडलं, वरून फोनावर फोन आले. दुरुस्तीला आलेला माणूस म्हणाला, “मॅडम, आधी गाळून घ्या की, कटकटच नको.” आणि बाईने नवीन पद्धत लिहिली: आधी गाळा, मग ॲसिड घाला, मग मोजा. दोन ओळी. खाली सही. सगळ्यांनी वाहवा केली, यंत्र पुन्हा कधी तुंबलं नाही.

यंत्राचा घसा वाचवला होता तिने. लोकांचा नाही.

“मामा,” ती म्हणाली. “ॲसिडची शेगडी लावा.”

तिने तो गोल कागद काचेच्या भांड्यात टाकला, वर तीव्र ॲसिड ओतलं आणि धूर ओढणाऱ्या कपाटात मंद आचेवर ठेवला. कागद विरघळला, करडी पूडही विरघळली. शेजारच्या भांड्यात तिने एक कोरा, न वापरलेला कागद तसाच विरघळवला. उद्या कुणी म्हणायला नको की शिसं कागदातच होतं. मग दोन्ही यंत्राला दिले. कोऱ्या कागदात काही नव्हतं. वापरलेल्या कागदाचा आकडा तिने लिटरला बेतून काढला.

दोनशे सत्याऐंशी.

“किती म्हणालात?” मामाने विचारलं. ती काही म्हणाली नव्हती. तिने पडदा त्याच्याकडे वळवला.

मामाने ओले हात पुसले आणि वाकून आकडा पुन्हा वाचला. “म्हणजे ते सगळं कागदावर राहत होतं? आणि यंत्रात जायचं ते...”

“ते धुतलेलं पाणी, मामा. नऊ वर्षं मी धुतलेलं पाणी तपासत होते.”

तिने भावजयीला फोन केला आणि एवढंच म्हणाली, “नळाचं पाणी आजपासून बंद. एक थेंब नको. उकळूनही नको, उकळून हे जात नाही.” का, कधीपासून, ते सांगितलं नाही.

मग ती संचालकांकडे गेली. संचालक म्हणजे तुळतुळीत माणूस. वाईट बातमी ऐकताना टाचणीच्या डबीशी खेळायची त्याला सवय होती. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “पद्धत चुकीची आहे म्हणता. बरं. उद्यापासून बदला.”

“आणि मागचं?”

“मागचं मागे. पुढच्या सोमवारी त्या वसाहतीच्या तक्रारीवर सुनावणी आहे, तुम्हाला माहीत आहेच. आपल्याकडून तक्ता जाणार आहे, नऊ वर्षांचे नमुने, सगळे मर्यादेत. त्यावर तुमची सही लागेल.”

“तो तक्ता खोटा आहे.”

“खोटा कसा? यंत्राने दाखवलं तेच आहे.” त्याने एक टाचणी डबीत टाकली. “बाई, पद्धत कुणी लिहिली? तुम्ही. सह्या कुणाच्या? तुमच्या. तुम्ही तोंड उघडलंत तर खात्याला काही होणार नाही. खातं म्हणेल, एका अधिकाऱ्याची चूक. तीस वर्षांची नोकरी चुलीत जाईल. विचार करा. आणि हो, ते तुमचं कपाट. जुनं सामान निकाली काढायचा आदेश आलाय. सोमवारी सकाळी गाडी येईल.”

आदेश आला नव्हता. तो त्या क्षणी डबीतल्या टाचण्यांतून जन्माला आला होता. पण सरकारी कचेरीत असा आदेश कागदावर यायला तासभर पुरतो, आणि तासाभरात तो आला.

तळपायाची आग मस्तकात गेली बाईच्या. तिथेच टेबलावर हात आपटून ओरडावं असं वाटलं तिला, पण ओरडायचं कुणावर? दोन ओळींची पद्धत हिनेच लिहिली होती. ती तिसऱ्या मजल्यावर आली, कपाट उघडलं आणि मामाला म्हणाली, “सगळी पाकिटं बाहेर काढा. इतर नळांची खोक्यांत भरून बाजूला ठेवा. खालच्या वसाहतीची एकेक करून नोंदवहीत चढवायची, सरळ मार्गाने. चोरून काहीही नाही.”

“आणि साहेबांनी विचारलं तर?”

“सांगा, निकाली काढतोय.”

महिन्याला दोन नमुने, नऊ वर्षं. पाच वेळा रस्ता खोदलेला म्हणून नमुने घ्यायचे राहिले होते. म्हणजे दोनशे अकरा पाकिटं. आणि एक जादा. त्याच्यावर नळाच्या नंबराऐवजी तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘बाळ घरी आलं’.

मंगळवारपासून शनिवारपर्यंत दोघं त्या धूर ओढणाऱ्या कपाटासमोर उभे होते. भांड्यामागून भांडं, कागदामागून कागद. ॲसिडने मामाच्या शर्टाला भोकं पडली. बाईचे डोळे चुरचुरत होते, तिने भिंगं पुसून पुसून पदराचं टोक ओलं केलं. दर वीस कागदांमागे एक कोरा कागद. मामा आकडे वाचायचा आणि ती लिहायची. पहिल्या दिवशी तो आकड्यांबरोबर काहीबाही बोलायचा, “बाप रे,” “हा तर गेला कामातून.” गुरुवारपासून नुसते आकडे वाचू लागला. नव्वद. एकशे सत्तर. बारा. तीनशे दहा. जेव्हा जेव्हा रस्ते खोदले होते त्यानंतरचे महिने सगळ्यात वाईट. जुन्या नळांच्या आतला थर हादऱ्याने सुटत होता आणि घरोघरी पोहोचत होता.

शनिवारी दुपारी टेबलावर एकच पाकीट उरलं.

“आणा ते,” मामा म्हणाला.

“राहू द्या. घरचं आहे ते. वसाहतीच्या तक्त्यात बसत नाही.”

“घर वसाहतीतच आहे ना, बाई?”

“म्हटलं ना, राहू द्या!”

आणि या बाईने, जिने तीस वर्षांत सरकारी पेन्सिलसुद्धा घरी नेली नव्हती, ते पाकीट स्वतःच्या पिशवीत घातलं. मामाने पाहिलं. तो बाटल्या धुवायला वळला.

रविवारी पाकीट तिच्या जेवणाच्या टेबलावर पडून होतं. ते स्वयंपाकघरातल्या गॅसवर धरलं असतं, तर पाच सेकंदांचं काम होतं. एक चिमूट राख. सुनावणीला दोनशे अकरा पुरेशी होती, दोनशे बाराव्याला कुणी विचारणार नव्हतं. दुपारी भावाचा फोन आला. आवाजात कित्येक दिवसांनी जरा जीव होता.

“ताई, डॉक्टर म्हणाले, किती काळ पोटात गेलं त्यावर सगळं आहे. थोडे महिने असेल तर पोर सावरेल. मी म्हटलं, थोडेच असणार! ती जन्मली तेव्हा तर पाणी चांगलं होतं, माझ्या ताईने स्वतः तपासलं होतं. नशीब आमचं! तुझी ती चिठ्ठी उद्या डॉक्टरांना नेऊन दाखवतो. चालेल ना?”

तिने टेबलावरचं पाकीट उलटं करून ठेवलं.

“ताई? ऐकतेस ना?”

“उद्या नको नेऊस,” ती म्हणाली. “उद्या संध्याकाळी मी येते. तोवर नको.”

फोन ठेवल्यावर तिने पाकीट उचलून पुन्हा पिशवीत घातलं. तिची सही आता डॉक्टरलाही खोटं सांगायला निघाली होती.

सोमवारी सकाळी आठला ती केंद्रात पोहोचली. मामा आधीच आला होता आणि शेगडी पेटवलेली होती. तिने पिशवीतून पाकीट काढलं, नोंदवहीत दोनशे बारा लिहिलं, कागद भांड्यात टाकला. आकडा आला तेव्हा मामा वाचायला पुढे झाला, तर ती म्हणाली, “मी बघते.” तिने लिहिला. मग वही मिटली. साडेदहाला गाडी आली आणि दोन हमालांनी कपाट खाली नेलं. रिकामं होतं, म्हणून भराभर गेलं. नोंदवही आणि तक्ता बाईच्या बगलेत होता.

सुनावणी एका शाळेच्या सभागृहात होती. समोर सुनावणी अधिकारी, बाजूला संचालक, मागे वसाहत. शिवणवाली पहिल्या रांगेत. संचालकांनी जुना तक्ता पुढे सरकवला आणि म्हणाले, “शास्त्रज्ञ बाई सही करतील.”

पाकीटबाई उभी राहिली. “या तक्त्यावर मी सही करणार नाही. हा दुसरा तक्ता घ्या. दोनशे बारा नमुने. एकशे अडुसष्ट पिण्यास अयोग्य.”

सभागृहात आधी कुणाला कळलंच नाही. मग एकदम गलका झाला. अधिकाऱ्याने टेबल ठोकलं. “तेच नमुने? आधी सगळे योग्य कसे होते मग? चूक कुणाची?”

“माझी.” तिने सांगितलं, शाळेत मुलांना समजावतात तसं सांगितलं: आधी गाळलं, मग मोजलं, विष गाळणीवर राहिलं. “पद्धत मी लिहिली. सह्या माझ्या. पाणीपुरवठा खात्याचे नळ सडलेत हे खरं, पण ते मी नऊ वर्षं कुणाला दिसू दिलं नाही.”

संचालक घाईने म्हणाले, “खात्याला याची काहीही कल्पना नव्हती, याची नोंद घ्यावी.”

“घ्या,” ती म्हणाली. “आणि आज सकाळी कपाट भंगारात गेलं, त्याचीही घ्या.”

शिवणवाली उठली. आता ती काय बोलते याचा धाक त्या सभागृहाला होता.

“मॅडम, मी बरणी दाखवली होती. तुम्ही मला झंपर शिवायला सांगितलंत.”

“हो.”

“सगळ्यांच्या देखत. लोक हसले मला.”

“हो. म्हणून आज सगळ्यांच्या देखत सांगते. तुम्ही बरोबर होतात. विष दिसत होतं.”

“माझे दोन आहेत,” शिवणवाली म्हणाली. “आठ आणि अकरा वर्षांचे. तुमच्या त्या ‘बरोबर होतात’चं मी त्यांना काय करून घालू?”

पाकीटबाईने नोंदवही अधिकाऱ्यापुढे ठेवली. चार वाजता हुकूम निघाला: वसाहतीचे नळ बंद, टँकर सुरू, मुलांची रक्ततपासणी. पाच वाजता दुसरा हुकूम निघाला: वरिष्ठ संशोधन अधिकारी, चौकशी होईपर्यंत निलंबित. पहिल्या हुकमावर अंमल व्हायला आठवडा लागला. दुसऱ्यावर दहा मिनिटं.

सहाच्या सुमाराला ती भावाच्या दारात उभी होती. बातमी तिच्या आधी पोहोचली होती. भाऊ खिडकीशी पाठ करून उभा होता, तो वळला नाही. भिंगरी भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर बटणांचा डबा. आत्याकडे बघून हसली, पण उठली नाही. पूर्वी दार वाजायच्या आधी धावत यायची.

भावजयीने स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं. दाराच्या आत चिठ्ठी होती, कडा पिवळ्या पडलेल्या, वर तेलाचे डाग.

“वन्सं, मी आता फक्त एक विचारणार. या दिवशीचा कागद होता का तुमच्या कपाटात?”

“होता.”

“तपासलात?”

“आज सकाळी.”

“किती?”

तीस वर्षांत असे हजारो आकडे तिने उच्चारले होते. हा तिने दारावरच्या चिठ्ठीकडे बघत सांगितला. “एकशे बेचाळीस.”

भाऊ खिडकीशीच होता. त्याने डोकं काचेला टेकवलं. “म्हणजे पहिल्या दिवसापासून,” तो म्हणाला. “पहिल्या बाटलीपासून, ताई.”

“हो.”

“मी खोली बघत होतो दुसरी.”

“माहीत आहे मला.”

त्याने शिव्या दिल्या असत्या, हाकलून दिलं असतं, तर तिने ते पावतीसारखं घेतलं असतं. त्याने तेही दिलं नाही.

भावजयीने चिठ्ठीचा कोपरा नखाने धरून ओढला. अर्धी निघाली, अर्धी दाराला चिकटूनच राहिली, नेमकी सहीची बाजू. ती विळीच्या पात्याने खरवडू लागली. खरवडता खरवडता, मागे न बघता, म्हणाली, “लिहून द्या.”

“काय?”

“जसं तेव्हा दिलं होतंत तसं. डॉक्टरांना द्यायचंय. खाली सही करा.”

पाकीटबाई जमिनीवर बसली. पिशवीतून तिने वही काढली, एक पान फाडलं, गुडघ्यावर ठेवून लिहिलं. स्वयंपाकघरातला नळ. शिसं, लिटरला एकशे बेचाळीस मायक्रोग्रॅम. पिण्यास अयोग्य. तारखेपाशी ती थांबली.

“सात वर्षांपूर्वीची घाल,” भाऊ खिडकीतूनच म्हणाला. “आणि आजचीही घाल. दोन्ही असू देत.”

तिने दोन्ही घातल्या आणि सही केली. फराटा ओढला नाही. अक्षरं संपली तिथे पेन उचललं.

भिंगरी बटणांचा डबा घेऊन सरकत सरकत तिच्याजवळ आली होती. तिने चिठ्ठीवर बोट ठेवलं. “एक,” ती म्हणाली. “चार.” मग दोनावर बोट तसंच राहिलं. ओठ हलले, पण काही आलं नाही. तिने आत्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“आत्या, हे सगळं मिळून किती?”

आत्याने तिचं बोट हातात धरलं.

“जास्त,” ती म्हणाली. “खूप जास्त, बाळा.”

भाऊ आला. त्याने चिठ्ठी तिच्या हातातून घेतली, फाइलमध्ये रक्ताच्या कागदाच्या वर लावली, आणि फाइल काखेत धरून दवाखान्याला निघाला. दार त्याने लोटलं नाही. ती निघेपर्यंत ते उघडंच राहिलं.